जिल्हा बदलला की पारतंत्र्याचा इतिहासही बदलतो. तो शिकवायला शिक्षकांना कोण शिकवणार?

वसई, बीड आणि सोलापूर. राज्य मंडळाच्या शाळेत आठवीला तिन्ही ठिकाणी इतिहासाचं एकच पुस्तक आहे. पण वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचं राज्य होतं. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथे स्वातंत्र्य आलं ते १७ सप्टेंबर १९४८ ला. सोलापुरात मे १९३० मध्ये इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली.

म्हणजे 'परकीय सत्ता' हे शब्द एकच असले, तरी त्यामागचा अनुभव जिल्ह्यागणिक वेगळा आहे. संपूर्ण राज्याच्या पुस्तकात प्रत्येक जिल्हा सविस्तर मावणार नाही. ती जागा भरायची असते शिक्षकाने. त्यासाठी त्याची तयारी कोण करून घेतं?

हा प्रश्न आत्ताच का?

राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम लागू होतोय. जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार आठवीची पाळी २०२८-२९ मध्ये आहे. पुस्तक हातात पडल्यावर घाईघाईत प्रशिक्षण उरकण्यापेक्षा मधली वर्षं वापरता येतील.

प्रशिक्षण तर होतंच, मग अडतं कुठे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणं अपेक्षित आहे. २०१९ मध्ये सुरू झालेला 'निष्ठा' कार्यक्रम कोरोनाकाळात 'दीक्षा' पोर्टलवर ऑनलाइन गेला. राज्यात एससीईआरटी आहे, जिल्ह्यात 'डाएट' आहे, केंद्र पातळीवर शिक्षण परिषदा होतात. यंत्रणा आहे. मात्र देशभरासाठी एकच मॉड्यूल बनलं, की त्यात उरणजवळचं चिरनेर यायला जागा राहत नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथल्या जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता. तो धडा तयार करायचा, तर रायगडमध्येच करावा लागेल.

दुसरी अडचण शिक्षकाच्या स्वतःच्या शिक्षणाची. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला सामाजिक शास्त्रांसाठी किमान एक शिक्षक असतो. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र सगळं त्याच्याकडे. त्याने पदवी भूगोलात घेतली असेल, तर जुना सरकारी कागद कसा वाचायचा हे त्याला कुणी शिकवलेलं असेलच असं नाही.

कागद वाचायला शिकायचं म्हणजे काय?

पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचं उदाहरण घेऊ. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. वह्या आणि कर्जखतं जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालात मुख्य दोष सावकारांच्या माथी गेला. सरकारच्या शेतसाऱ्यामुळे हा उद्रेक झाला, हे काही मान्य झालं नाही.

चौकशी करणारं सरकार आणि सारा वसूल करणारं सरकार एकच होतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव पडले होते, सावकारांनी हात आखडला होता आणि त्यात सारा वाढला होता. हा अहवाल वर्गात वाचताना 'हे कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं?' एवढं जरी मुलांनी विचारलं, तरी तास सार्थकी लागला.

जुन्या जिल्हा गॅझेटिअरचंही तेच. ती माहितीची खाण आहेत, पण इंग्रज प्रशासनाच्या नजरेतून लिहिलेली. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही आला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. त्या काळातलं वर्णन शिक्षकाने जसंच्या तसं वाचून दाखवलं, तर समोरच्या बाकावर बसलेल्या पारधी मुलाला काय वाटेल? इथे शिक्षकाची एक चूक त्या मुलाची शाळा सोडवू शकते.

मराठवाड्याला घाई का?

१९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले लोक आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी टिपून ठेवायला फार वर्षं उरलेली नाहीत. हे काम विद्यार्थी करू शकतात, पण ते सोपं नाही. रझाकारांचे अत्याचार आणि पोलीस कारवाईनंतर मुस्लिमांवर झालेला हिंसाचार, दोन्हींच्या जखमा या भागात आहेत. त्या हिंसाचाराची पाहणी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. आजोबांना काय विचारायचं, कुठे थांबायचं आणि वर्गात ते कसं मांडायचं, याचा सराव शिक्षकाला आधी हवा.

मग करता काय येईल?

यासाठी मोठा खर्च लागत नाही. ५० पैकी सहा तास जिल्ह्याच्या इतिहासाला दिले, तरी सुरुवात होईल. अर्धा दिवस प्रत्यक्ष ठिकाणी आणि अर्धा दिवस दोन-तीन मूळ कागद समोर ठेवून. शेवटी प्रत्येकाने आपल्या गावावर एका तासिकेचा पाठ तयार करायचा. डाएटने हे पाठ गोळा केले, तर काही वर्षांत जिल्ह्याचा संग्रह उभा राहील. पुणे, मुंबई, नागपूर आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांतून निवडक कागदांच्या प्रती मिळाल्या, तर शिक्षकाची शोधाशोध वाचेल.

खरी टंचाई वेळेची आहे. दोनशिक्षकी शाळेत एक जण प्रशिक्षणाला गेला, की दुसऱ्यावर सगळे वर्ग पडतात. बदली व्यवस्था न करता आणखी एक प्रशिक्षण लादलं, तर ते सह्यांपुरतंच उरेल.

आणि शिक्षकाने सांगितला नाही, म्हणून मुलं इतिहासाविना राहत नाहीत. त्यांना तो रील्स आणि व्हॉट्सॲप फॉरवर्डमधून मिळतोच. तिथे 'हे कुणी लिहिलं?' असं विचारायची सवय लावायची, तर ती आधी वर्गात लागायला हवी.