नटाच्या उतारवयाचा प्रश्न

धानाची मळणी आटोपून मंडया भरू लागल्या की, भंडारा जिल्ह्यात गावोगावी नाटकांचे मंडप उभे राहतात. झाडीपट्टीचा प्रेक्षक तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतो. प्रेक्षकांच्या पैशावर चालणाऱ्या या रंगभूमीचे कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. परंतु हंगाम सरल्यावर व वय उतरल्यावर नटाने कशावर जगावे, हा प्रश्न त्या कौतुकात हरवतो. या दृष्टीने डॉ. श्रीराम लागू यांचे चरित्र उद्बोधक आहे.

१९२७ साली साताऱ्यात जन्मलेले लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात आणि टांझानियात त्यांनी व्यवसाय केला आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ साली, तो सोडून पूर्णवेळ नट होणे पत्करले. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये त्यांनी गणपतराव बेलवलकर उभा केला. ‘पिंजरा’ (१९७२) व ‘सामना’ (१९७५) या चित्रपटांतील त्यांचे मास्तर, ‘सिंहासन’ (१९७९) मधील अर्थमंत्री आणि ‘गांधी’ (१९८२) मधील गोखले प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांचे धैर्य निःसंशय थोर होते. परंतु धैर्यालाही आर्थिक पाया लागतो. लागूंच्या हाती वैद्यकाची पदवी होती आणि पुढे हिंदी चित्रपटसृष्टीचे दारही उघडले. वेल्समधील खाणकामगाराचा मुलगा रिचर्ड बर्टन रंगभूमीवर नावारूपाला आला, पण त्याला अमाप पैसा दिला तो चित्रपटानेच. झाडीपट्टीच्या नटाला पडद्याची वाट क्वचितच सापडते. पावसाळा लागला की त्यांतील अनेकांना धानाच्या बांधीत रोवणीलाच उतरावे लागते.

सर्वस्व मुलांना वाटून टाकल्यावर बेलवलकर निराधार होतो. पण त्याने निदान वाटून देण्याइतके कमावले तरी होते. ज्याच्यापाशी वाटण्यासारखे काहीच नाही, त्या नटाचे काय?

वृद्ध कलावंतांसाठी शासनाचे मानधन आहे. पण ते उतारवयातील साहाय्य झाले, कमावत्या वयातील तरतूद नव्हे. शिक्षक-कारकुनांच्या वेतनातून भविष्यनिर्वाह निधी कापला जातो आणि मालकही त्यात आपला वाटा घालतो. त्याच धर्तीवर प्रत्येक प्रयोगाच्या उत्पन्नातून अल्पसा हिस्सा नटांच्या नावे जमा व्हावा आणि शासनाने त्यात तेवढीच भर घालावी. तिकीट महाग होईल, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि हा भार प्रेक्षागृहातील सर्वांत विभागला जाईल; आज तो एकट्या नटाच्या म्हातारपणावर पडतो. बेलवलकरासाठी डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाला तिकिटामागे चार पैसे जड वाटतील, असे मानण्याचे कारण नाही.