मँडरिनला जेवताना पाहिलंत का?

काचेपलीकडे : मत्स्यमित्र

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाची नजर आधी क्लाउनफिशवर जाते, पण खिळते ती मँडरिनवर. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेषा, गालांवर हिरवट-पिवळी झाक, बेडकासारखे वर आलेले डोळे. जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा जीव. तो फारसा पोहतही नाही. पोटाखालचे पर टेकत खडकावरून चालल्यासारखा सरकतो, थांबतो, न्याहाळतो, पुन्हा सरकतो. ‘केवढ्याला दिला?’ हा प्रश्न लगेच येतो. ‘हा खातो काय?’ हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा, आणि तो सहसा येतच नाही.

त्या न विचारलेल्या प्रश्नापायी मँडरिन मरतात. अनेक वर्षं मरत आले आहेत.

घरच्या टँकमधले बहुतेक मासे आजाराने जातात. मँडरिनचं तसं नाही. त्याला खवले नसतात. अंगावर बुळबुळीत, उग्र वासाचा, विषारी चिकट थर असतो आणि इतर माशांना हैराण करणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यामुळे त्याला कमीच शिवतो. त्याला मारते ती उपासमार. ती हळू चालते, कधी कधी दोन-तीन महिने, आणि या सगळ्या काळात मासा देखणाच दिसत राहतो. बहुतेक माशांचा निळा रंग हा कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ असतो. मँडरिनच्या कातडीत मात्र खरोखरचं निळं रंगद्रव्य भरलेल्या पेशी असतात. गोडा आणि फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये त्यांची नोंद केली आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ही गोष्ट अतिशय दुर्मीळ आहे. मालक त्या रंगाकडे पाहून खूश असतो. पोटाकडे त्याचं लक्ष नसतं.

पोट कसं पाहायचं, हे एकदा कळलं की विसरता येत नाही. खात्यापित्या मँडरिनचं अंग डोक्यामागे भरीव असतं आणि पोट किंचित गोलसर. उपाशी माशाच्या डोक्यामागचा भाग खपाटीला जातो, कुशीवर आडवी घळ पडते, पोट आत ओढलं जातं. वरून पाहिलं तर डोकं मोठं आणि मागचं अंग काडीसारखं. ही अवस्था आली की तो मासा परत सावरणं फार अवघड असतं.

हा मासा मुळात पश्चिम प्रशांत महासागराचा. जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. १९२७ मध्ये आल्बर्ट हेर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही फिलिपिन्सच्या माशांवरून. शांत खाड्यांतल्या प्रवाळाच्या ढिगाऱ्यांत तो दिवसभर टिपत फिरतो. कोपेपॉड (टँकवाल्यांच्या भाषेत ‘पॉड’) नावाचे, डोळ्यांना ठिपक्याएवढे दिसणारे कवचधारी जीव, त्यांचे इतर सूक्ष्म भाऊबंद, बारीक किडे, माशांची अंडी हे त्याचं अन्न. एका वेळी पोटभर खाऊन दुसऱ्या दिवसापर्यंत निवांत राहणाऱ्यांतला तो नव्हे. गाय जशी चरते तसा तो चरतो. आणि ज्याची हालचाल दिसत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नसतं. समुद्रातून पकडलेल्या मँडरिनपुढे कोरडे दाणे टाका, गोठवलेली कोळंबी टाका, तो त्यांच्यावरून चालत पुढे जातो.

यावर जुना तोडगा होता तो मोठ्या टँकचा. पावणेतीनशे-तीनशे लिटर पाणी, भरपूर लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेले खडक), सहा महिने ते वर्षभर मुरलेला टँक आणि शेजारी शेवाळाचं रिफ्युजियम, म्हणजे कोपेपॉडना निर्धास्त वाढायची जागा. हे सगळं असलं आणि सिक्सलाइन रॅससारखा वाटेकरी मासा नसला, तर एक मँडरिन जगतो. ज्यांनी हे धीराने केलं त्यांचे मँडरिन वर्षानुवर्षं जगले. पण फ्लॅटच्या हॉलमधल्या शंभर लिटरच्या नव्या टँकमध्ये आणलेला मासा काही आठवड्यांत पॉड फस्त करतो आणि मग त्याचे दिवस मोजायचे उरतात. असे मासे पकडून, विमानाने आणून विकणं या सदराच्या मते निव्वळ नासाडी आहे. फिलिपिन्समध्ये काही ठिकाणी तर ते सुईसारख्या टोकांच्या चिमुकल्या भाल्याने टोचून धरतात. पाठीवर लांब तुरा असलेल्या मोठ्या नरांना मागणी जास्त, आणि नेमके तेच नर माद्यांच्याही पसंतीचे असतात.

म्हणून २०१० हे वर्ष महत्त्वाचं. फ्लोरिडातल्या ‘ओरा’ या हॅचरीने त्या वर्षी आपल्याकडे जन्मलेले मँडरिन बाजारात आणले. त्याच्या आधी मॅथ्यू विटेनरिक यांनी या माशाची पिल्लं वाढवण्यावर चिकाटीने काम केलं होतं. पुढे पलाऊ बेटांवरच्या ‘बायोटा’ हॅचरीनेही हे काम हाती घेतलं. हे किती किचकट आहे ते क्लाउनफिशशी ताडून पाहिलं की कळतं. क्लाउनफिश खडकाला अंडी चिकटवतो, बाप त्यांना वारा घालतो, बाहेर पडलेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खाऊ शकतं. आपल्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची हॅचरी उभी राहिली आहे. मँडरिनची जोडी मात्र दिवस मावळताना गालाला गाल लावून खडकावरून मीटरभर वर तरंगत जाते, पाण्यात अंडी सोडते आणि क्षणात दोघं खाली पळतात. अंडी तरंगत वाहून जातात, एका दिवसाच्या आत फुटतात आणि त्यांतून निघणारं पिल्लू इतकं इवलं असतं की त्याच्या तोंडात मावेल असं अन्न पिकवणं हाच अर्धा व्यवसाय होतो. दोन-तीन आठवड्यांनी ते तळाला टेकतं, तेव्हाही त्याची लांबी काही मिलिमीटरच असते. मग सुरू होते शिकवणी : जिवंत अन्नात हळूहळू गोठवलेलं मिसळायचं, गोठवलेल्यात बारीक दाणे. हॅचरीच्या मँडरिनची किंमत पाहून जे नाक मुरडतात, त्यांनी या शिकवणीचे दिवस मोजावेत.

आता तक्रार. ‘टँक-ब्रेड आहे, पेलेट खातो’ एवढं सांगून दुकानदार तो मासा हातात ठेवतो आणि घेणारा समजतो, आता हा क्लाउनफिशसारखाच सोपा झाला. तसं होत नाही. हॅचरीने त्याची खाण्याची सवय बदलली. तोंडाचा आकार, खाण्याचा वेग आणि दिवसभर थोडं थोडं टिपण्याची गरज होती तशीच राहिली. शिवाय ही सवय मोडतेही. प्रवासात दोन दिवस उपास घडला, किंवा नव्या टँकमध्ये सुरुवातीला भरपूर जिवंत पॉड मिळाले, तर पिल्लू दाण्यांकडे पाठ फिरवतं. महिन्याभरात पॉड संपतात आणि शिकवलेलं आठवेपर्यंत उशीर झालेला असतो.

हॅचरीचं पिल्लू घरी येतं तेव्हा बोटाच्या पेराएवढं असतं. ते थेट मोठ्या टँकमध्ये सोडलं तर खडकांत हरवतं, नाहीतर पंपाच्या तोंडाशी खेचलं जातं. म्हणून पहिले काही आठवडे त्याला टँकच्या आतच, काचेला लावलेल्या छिद्रांच्या डब्यात ठेवावं. पाणी तेच, पण अन्न त्याच्या एकट्याचं. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. गोठवलेले सायक्लॉप्स (हेही कोपेपॉडच) वितळवून ड्रॉपरने चार थेंब सोडले की गुलाबी कण तळाला बसतात. पिल्लू झेपावत नाही. एक डोळा पुढे, एक बाजूला, दोन्ही स्वतंत्र फिरतात. मग ते एका कणापाशी येतं, क्षणभर नुसतं पाहतं, नळीसारखं तोंड पुढे काढून तो एकच कण टिपतं. कधी थुंकून टाकतं, पुन्हा पाहतं, पुन्हा उचलतं. मोठ्या टँकमध्ये एवढ्या वेळात क्लाउनफिश आणि डॅमसेल मिळून सगळं साफ करतात. मँडरिनच्या वाट्याला येतो तो रिकामा तळ. यासाठीच अनुभवी मंडळी पिल्लू मोठं झाल्यावर, डब्यातून बाहेर सोडल्यावरही, रोज एका ठरलेल्या कोपऱ्यात आडवी काचेची बरणी ठेवतात. तोंड एवढंच अरुंद की मँडरिन सरकत आत जाईल आणि दांडगे मासे घुसणार नाहीत. काही दिवसांत तो जेवणाच्या वेळेला बरणीपाशी येऊन थांबायला लागतो.

जिवंत अन्न पूर्ण बंद करू नये. त्यातलं घरी सहज होण्यासारखं म्हणजे आर्टेमियाची पिल्लं, ज्यांना टँकवाले ‘बेबी ब्राइन’ म्हणतात. हा मिठागरांतला जीव; १९५० च्या दशकात आपल्या वडाळ्याच्या मिठागरांतही तो सापडल्याची नोंद आहे. डब्यातून येणारी सुकी अंडी मात्र बरीचशी अमेरिकेतल्या युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमधली असतात. कोल्ड्रिंकची बाटली बूड कापून उलटी टांगावी, त्यात लिटरभर पाणी आणि २५ ग्रॅम मीठ, वर चिमूटभर अंडी, तळाशी हवेची नळी. २६ ते २८ अंश तापमानाला २४ तासांत पाणी नारिंगी दिसायला लागतं. हवा बंद करून खालून टॉर्च धरला की पिल्लं उजेडाकडे खाली गोळा होतात, टरफलं वर तरंगतात. नळीने खालचा नारिंगी ढग काढून घ्यायचा, बारीक जाळीत गोड्या पाण्याने धुवायचा आणि लगेच वाढायचा. लगेच यासाठी की पिल्लांच्या पोटातला बलक काही तासांत संपतो. शिळी पिल्लं म्हणजे पोकळ जेवण. ताजी असली तरी त्यांत माशाला हवी ती विशिष्ट मेदाम्लं कमीच असतात, कोपेपॉडमध्ये ती भरपूर असतात. त्यामुळे आर्टेमिया हे रोजचं तोंडीलावणं आणि मुख्य जेवण म्हणजे पॉड, सायक्लॉप्स, माशांची बारीक अंडी आणि जमल्यास अर्ध्या ते एक मिलिमीटरचे पेलेट. आणि हो, एका टँकमध्ये दोन नर कधीही नकोत. त्यांची भांडणं एकाच्या मरणाशीच थांबतात.

सांगायचं आहे ते गिऱ्हाइकाला आणि दुकानदाराला, दोघांनाही. मँडरिन घ्यायचा तर हॅचरीचाच घ्यावा, आणि तोही समोर खाताना पाहूनच. ‘सकाळी खाल्लं त्याने’ यावर विश्वास ठेवू नये. दुकानात अर्धा तास बसावं, गोठवलेलं अन्न घालायला लावावं, पोट आणि डोक्यामागचा भाग नीट पाहावा. खाल्लं नाही तर पैसे देऊ नयेत. आठवड्याने परत यावं. खाणारा मासा दाखवता येत नसेल तर दुकानदाराने तो विकू नये, आणि पकडलेला मँडरिन तर मागवूच नये. चांगले दुकानदार असा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकावर चिडत नाहीत, उलट त्याच्याशी तासभर बोलत बसतात.

घेतल्यावरचा प्रश्न गणपतीत उभा राहतो. घर पाच दिवस कोकणात आणि टँक पुण्यात. दाण्यांचं स्वयंचलित यंत्र क्लाउनफिशला पुरतं. मँडरिनला पुरत नाही. मग शेजारच्या शाळकरी मुलाला पंधरा दिवस आधीपासून जवळ बसवून शिकवावं लागतं : पंप कुठला बंद करायचा, ड्रॉपर बरणीच्या तोंडाशी कसा धरायचा, मासा खाईपर्यंत तिथून का हलायचं नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये एकेका जेवणाचं सायक्लॉप्स आधीच भरून गोठवायचं. ट्रेवर कागदाची पट्टी चिकटवायची : सोमवार सकाळ, सोमवार दुपार, सोमवार संध्याकाळ. आणि त्या मुलाकडून रोज रात्री माशाचा एक फोटो मागवायचा, वरून काढलेला, पाठ दिसेल असा.