यंदाची सहल एका दगडापाशी न्यावी

सहल म्हटली की आपल्या शाळेत दोनच नावे निघतात : सापुतारा आणि वॉटर पार्क. यंदा आम्ही तिसरे नाव सुचविले, मुंबईतील अंधेरीचा गिल्बर्ट हिल. त्यावर एका विश्वस्तांनी विचारले, "एक दगड बघायला मुंबईपर्यंत जायचे?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

गेल्या डिसेंबरात आम्ही काही शिक्षक व पालक स्वखर्चाने तिथे जाऊन आलो. सुरतेहून बोरिवलीपर्यंत गाडी, पुढे लोकलने अंधेरी, मग रिक्षा. रिक्षावाल्याला गिल्बर्ट हिल कळेना. "गावदेवी डोंगरी" म्हटल्यावर लगेच निघाला. चाळी, झोपड्या आणि इमारतींच्या दाटीत अचानक सुमारे दोनशे फूट उंचीचा काळा कडा समोर आला. कडा कसला, खांबांची मोळीच! कोनदार दगडी खांब एकमेकांना चिकटून सरळ वर गेलेले. माथ्यावर देवीचे मंदिर, तिथवर पायऱ्या.

हे खांब कोणी घडविलेले नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हारस थंड होताना आकसला आणि त्याला तडे गेले. २००६ च्या पुरानंतर तापीचा गाळ घरांत, अंगणांत वाळला तेव्हा त्याला पडलेल्या चौकोनी, पंचकोनी भेगा पालकांना आठवत असतील. प्रकार तोच. तिथे चिखल सुकला, इथे तापलेला दगड निवाला, आणि भेगा खोल उतरत गेल्या. आपल्यापैकी बहुतेकांची गावे धुळे, नंदुरबार, जळगावकडची. तिकडच्या शेतातला काळा दगडही त्याच काळातील ज्वालामुखींचा आहे. मुले दर सुट्टीत त्यावर खेळतात, पण तो आला कुठून हे त्यांना कोणी सांगत नाही.

अमेरिकेत वायोमिंग राज्यात अशाच खांबांचा डेव्हिल्स टॉवर आहे. १९०६ साली तो त्या देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक झाला. आपल्याकडे मात्र खडीसाठी आजूबाजूचा डोंगर फोडला गेला. २००७ साली महापालिकेने गिल्बर्ट हिलला वारसा स्थळांच्या दुसऱ्या श्रेणीत घेतले. आज इमारती अगदी पायथ्याला भिडल्या आहेत. जपलेली वस्तू तर मुलांनी पाहावीच, पण अशी थोडक्यात वाचलेलीही पाहावी. सुरतही काही कमी वेगाने वाढत नाही.

अडचणी आहेत. पायऱ्या उभ्या आहेत, म्हणून आठवी-नववीचेच वर्ग न्यावेत आणि वीस-वीसच्या गटाने चढवावेत. शिवाय खरे सांगायचे तर दगड तासाभरात बघून होतो. (वॉटर पार्कमध्ये दिवस पुरत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे!) म्हणून सकाळी बोरिवलीला उतरून आधी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी पाहावीत. शंभराहून अधिक लेणी त्याच ज्वालामुखीच्या दगडात कोरलेली आहेत. दुपारी अंधेरी, रात्री परत.

खर्चाचा अंदाज कार्यालयात दिला आहे. विश्वस्त मंडळाने तो पाहून निर्णय घ्यावा, ही विनंती. उद्यान सोमवारी बंद असते, तारीख ठरविताना तेवढे ध्यानात असू द्यावे.