फौज की कॉलेज? आधी विचारा, हा प्रश्न कुणाचा!

बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. जळकोट तालुक्यातल्या एका वाडीवर आमच्या किशोरी गटाची बैठक होती. बैठक संपली, मुली पांगल्या, एक तेवढी मागे राहिली. पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी पळणाऱ्या मुलींपैकी ती एक. पायात भावाचे बूट. म्हणाली, "ताई, एक इचारू? कॉलेजात नाव घालू, का फौजीचा फॉर्म भरू?"

मी आमच्या सवयीप्रमाणे उलट प्रश्न केला, "तुला काय वाटतं?"

"आप्पा स्थळं बघायलेत. कॉलेजला गेले तरी बघनारच. फौजीत गेलं की चार वर्षं लगीन करता येत नाही म्हनं. सरकारचाच नियम हाय. मग आप्पा काय करतील?"

मैत्रिणींनो, या उत्तरात देशसेवा नाही, पगार नाही, वर्दीचं आकर्षणही फारसं नाही. बापाच्या शब्दापेक्षा मोठा असा एखादा नियम ही मुलगी शोधते आहे. तो तिला बालविवाह प्रतिबंधक कायद्यात सापडला नाही, कारण तिला अठरा पूर्ण झाली आहेत आणि त्यानंतर कायद्याचं काही म्हणणं नाही. तो सापडला अग्निवीर भरतीच्या जाहिरातीत. तिथे उमेदवार अविवाहित हवी, आणि सेवेची चार वर्षं लग्न करायचं नाही, अशी अट आहे.

तेव्हा "फौज की कॉलेज" हा प्रश्न दिसतो तसा नाही. मुलाला विचारला तर तो दोन वाटांमधला प्रश्न असतो. मुलीच्या बाबतीत तिसरी वाट आधीच ठरलेली असते, ती म्हणजे लग्न. पहिल्या दोन वाटांपैकी कोणती ते लग्न जास्त दिवस थोपवील, एवढाच तिचा हिशोब. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८ टक्के होता. ज्या घरांतून माणसं ऊसतोडीला जातात तिथलं कारण तर उघड आहे. मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे कोयत्याला, मिळते. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो.

आता आपल्या चळवळीबद्दल थोडं स्पष्ट बोलते. आपल्यात या विषयावर दोन गट आहेत. एक गट म्हणतो, सैन्य म्हणजे पुरुषसत्तेचा किल्ला, बायांनी तिथे जाऊन काय मिळवायचं? दुसरा म्हणतो, बंद असलेलं प्रत्येक दार बायांसाठी उघडलंच पाहिजे. १९९२ साली सैन्याने स्त्रियांना वैद्यकीय सेवेबाहेरही अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या कायम नेमणुकीच्या हक्काला १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, तेव्हा आपण आनंद केला. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली केली, तेव्हाही केला. तो योग्यच होता. पण दोन्ही गटांनी एक गोष्ट नजरेआड केली. सैन्याला एकच दार नाही. दोन आहेत, आणि आमच्या वाडीवरच्या मुलीसमोर त्यातलं धाकटंच येतं.

थोरल्या दाराकडे बघा. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, १९ जणींची. त्यातल्या १७ जणी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडल्या, त्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेऊनच. तिथे पदवी आणि वर्दी एकाच तीन वर्षांत मिळते. ज्यांना एनडीए साधत नाही त्यांना पदवीनंतर सीडीएसची परीक्षा आहे. एनसीसीचं सी प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलं, तर लेखी परीक्षेवाचून थेट मुलाखतीपर्यंत जाता येतं. म्हणजे कॉलेज हे फौजेच्या विरोधात नाहीच. ते अधिकारी होण्याची पायरी आहे.

आता धाकटं दार. मुलींना शिपाई म्हणून घ्यायला लष्कराने २०१९ मध्ये सुरुवात केली, तीही फक्त लष्करी पोलीस दलात. सगळ्या देशासाठी जागा १००. ८३ जणींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगळुरूला तयार झाली. पुढच्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, अग्निपथ योजना आली आणि या दाराने मिळणारी नोकरी चार वर्षांची झाली. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीच्या घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. शेवटी हातात येणारे ११ लाख ७१ हजार रुपये सांगताना सरकार हे ठळकपणे सांगत नाही, की त्यातली निम्मी रक्कम तिच्याच पगारातून दरमहा ३० टक्के कापून जमवलेली असते. बायांना आत घ्यायचं आणि त्याच सुमाराला त्या कामाची किंमत उतरवायची, हे आपण कापडगिरण्यांपासून अंगणवाडीपर्यंत पाहत आलो आहोत. इथेही त्या दारातून बाया आत येऊन तीन वर्षं होतात न होतात, तोच कायम नोकरी गेली.

म्हणून मला विचारायचं आहे, पदवी आणि वर्दी यांतलं एकच निवडायची सक्ती कुणावर आहे? इंग्रजी शाळेत शिकलेल्या, शिकवणीचे पैसे भरू शकणाऱ्या घरातल्या मुलीवर नाही. ती सक्ती आमच्या मुलींवर आहे. हा प्रश्न निसर्गाने घातलेला नाही. त्याला वर्ग आहे, जात आहे, तालुका आहे. १९७७ साली राज्य सरकारने तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आपल्या मराठवाड्यातच, एनडीएच्या तयारीसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली, ती मुलांसाठी. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला निघाली २०२३ साली. मधली ४६ वर्षं आपल्या मुली काय करत होत्या? भावांचे बूट पुसत होत्या.

कुणी म्हणेल, अग्निवीरांना इग्नूतून पदवी मिळवता येते, निम्मे गुण सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरतात. खरं आहे, आणि जिला ती मिळेल तिने जरूर घ्यावी. पण मुलीसाठी कॉलेज म्हणजे फक्त पदवीचा कागद नव्हे. घर आणि शेत सोडून तिसऱ्या ठिकाणी बसण्याचा हक्क तिला आयुष्यात पहिल्यांदा तिथे मिळतो. दुसऱ्या जातीची मैत्रीण तिथे मिळते. वाचनालय मिळतं. मास्तरांना उलट प्रश्न विचारायची सवय लागते. बराकीत हुकूम ऐकण्याची सवय लावतात, आणि ती तर आपल्या मुलींना घरातच लागलेली असते.

हे मी वर्दीचा तिटकारा म्हणून लिहीत नाही. माझा थोरला भाऊ बी.ए.चं पहिलं वर्ष अर्धवट टाकून फौजेत गेला. त्याच्या पगारातून माझ्या होस्टेलच्या मेसचे पैसे भरले गेले. मी एम.एस.डब्ल्यू. झाले ती त्याच्या अर्धवट राहिलेल्या बी.ए.वर. तो सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन परतला, म्हणून आज आमचं घर उभं आहे. चार वर्षांत रिकामा परतला असता तर मी आज हे लिहायला नसते. त्या वेळी एका घरातून एकच जण शिकेल असा हिशोब होता, आणि तो कधी नव्हे तो माझ्या बाजूने लागला. हे ऋण मी विसरत नाही. पण कुणाच्या तरी शिक्षणाचा बळी देऊन दुसऱ्याने शिकावं, ही पद्धत मला मान्य नाही. बळी भाऊ असो की बहीण.

मग या मुली कॉलेजला का जात नाहीत? फी हे एकच कारण नाही. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगलं केलं. पण वाडीवरून फाट्यापर्यंत चालत यायचं, एस.टी. आली तर उदगीर गाठायचं, आणि संध्याकाळची गाडी चुकली की रात्री घरात "उद्यापासून बस झालं" हे ऐकायचं. फीमाफीच्या कागदावर एस.टी. नाही, खोली नाही, दोन वेळचं जेवण नाही. सैन्याच्या जाहिरातीत हे तिन्ही आहे. मुलगी मूर्ख नाही. तिने दोन्ही कागद नीट वाचले आहेत.

म्हणून आपल्या मागण्या हव्यात त्या अशा :

१. तालुक्याच्या ठिकाणी मुलींसाठी जेवणासह सरकारी वसतिगृह, आणि कॉलेजच्या वेळेला धरून एस.टी.
२. ग्रामीण कॉलेजांत मुलींसाठी एनसीसी, म्हणजे अधिकारीपदाची वाट जळकोटहून सुरू होईल.
३. मराठवाड्यात मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था.
४. चार वर्षांच्या कंत्राटाऐवजी कायम नोकरी, मुलांना आणि मुलींनाही.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. भरतीला पळणाऱ्या मुलींना शिबिरात बोलावून "सैन्य वाईट" असं व्याख्यान देऊ नका. महिलादिनी त्यांना रणरागिणी म्हणून हारही घालू नका. त्यांच्या घरी जा, बापाशी बोला, आईशी बोला. चार वर्षं लग्न नाही हा शब्द सैन्याचा नियम मिळवून देऊ शकतो, तर आपली संघटना का नाही?

त्या मुलीला मी काय सांगितलं? म्हटलं, "कॉलेजात नाव घाल. पळणं सोडू नकोस. पदवीनंतर वर्दी घ्यायची तर घे, पण वरच्या दाराने जा. आप्पांशी बोलायला मी येते."

ती म्हणाली, "ताई, तुम्ही एकदा येताल. आप्पा रोज हायेत."

तिचं खरं आहे. म्हणून तिथे मी एकटीने एकदा जाऊन भागणार नाही. गटातल्या बाया पाळी लावून दर आठवड्याला जाणार, असं आम्ही पुढच्या बैठकीत ठरवलं. पहिली पाळी तिच्या चुलतीने घेतली आहे. तिचं स्वतःचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं.