मापात पाप नको, अंदाजातही नको

वीजबिल हातात आलं की आपली नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते. किती भरायचे, एवढंच बघायचं आणि मोबाइलवरून भरून टाकायचं. पण त्याच बिलावर आणखी एक रकाना असतो: चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि वापरलेली युनिट. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘आरएनए’, ‘लॉक्ड’ किंवा ‘फॉल्टी’ असं छापलेलं असेल, तर त्या महिन्यात मीटर वाचलाच गेलेला नाही. रीडिंग मिळालं नाही, घराला कुलूप होतं किंवा मीटर बिघडलेला होता, अशी ती नोंद असते. मग मागच्या वापराची सरासरी काढून बिल पाठवलं जातं. मोजलेलं काही नसतं, तरी पैसे मात्र तारखेच्या आत भरायचे असतात आणि उशीर झाला तर विलंब आकारही लागतो.

सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर हे समजून घेणं जास्त गरजेचं आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यापासून बांद्यापर्यंत कुलूपबंद घरं काही कमी नाहीत. कुटुंब मुंबईत, कमावता मुलगा कुवेत किंवा दुबईत, आणि घर उघडतं ते ईदला नाहीतर मे महिन्यात. मीटर बंद पडवीत, ग्रिलच्या आत. बिलाचा मेसेज जातो परदेशातल्या मुलाला आणि तो रक्कम बघून भरून टाकतो. पुढे प्रत्यक्ष रीडिंग घेतलं जातं आणि एकदम मोठं बिल येतं, तेव्हा लाइन तोडण्याच्या भीतीने धावाधाव करते ती घरी राहिलेली अम्मी किंवा म्हातारी खाला. बिल तिच्या नावावर नसतं, भरलेल्या पावत्या तिच्याकडे नसतात आणि रीडिंग कसं वाचायचं हे तिला कुणी दाखवलेलं नसतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या कामात एक धोका नेहमीचा असतो. माहितीतली रिकामी जागा सरासरीने भरली की पुढची बेरीज-वजाबाकी बिनचूक चालते, पण उत्तराला अर्थ उरत नाही. वीजबिलाचंही तसंच आहे. अंदाज जास्त धरला तर आपले पैसे अडकतात. कमी धरला तर आपण खूश होतो आणि तेवढ्यात मीटरवर थकबाकी साचत राहते.

त्यात स्लॅबचं गणित आहे. महाराष्ट्रात घरगुती वापराची पहिली १०० युनिट सर्वांत स्वस्त असतात. १०१ ते ३०० युनिटच्या टप्प्यात वीज आकार पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त होतो आणि त्यापुढे आणखी वाढतो. उदाहरणादाखल, एका घरात सहा महिन्यांत ५४० युनिट जळली. पाच महिने दरमहा ४० युनिटचं अंदाजे बिल आलं, म्हणजे २०० युनिटचे पैसे भरले गेले. सहाव्या महिन्यात रीडिंग झालं आणि ३४० युनिट उरली. ती एकाच महिन्याची धरली तर घर थेट तिसऱ्या टप्प्यात जाईल. खरा हिशोब असा की ५४० भागिले ६ म्हणजे महिन्याला ९० युनिट. सगळी पहिल्याच टप्प्यात बसतात. या हिशोबाने बिल काढून आधी भरलेली रक्कम वजा व्हायला हवी. हा हिशोब बिलात झाला आहे की नाही, हे सातवी-आठवीच्या गणिताने तपासता येतं.

राज्याने हे एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभवलं आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि महावितरणने घरोघरचं रीडिंग थांबवलं. डिसेंबर ते फेब्रुवारी या हिवाळी महिन्यांच्या सरासरीवर बिलं निघाली. प्रत्यक्षात माणसं ऐन उन्हाळ्यात दिवसभर घरात होती, पंखे फिरत होते आणि १ एप्रिलपासून नवे दरही लागू झाले होते. जूनमध्ये रीडिंग झालं तेव्हा अनेकांच्या हातात न पेलणारी बिलं पडली. आंदोलनं झाली, हप्त्यांची सोय झाली, सवलतीची आशा दाखवली गेली. नोव्हेंबरमध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सवलत देता येणार नाही, बिल भरावंच लागेल, असं सांगितलं. त्या बिलांतली बरीचशी हिशोबाने बरोबरही असतील. पण तीन महिने मीटरकडे कुणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे ग्राहकाला ते पटवून देणं कुणालाच जमलं नाही.

त्याच वर्षी ३१ डिसेंबरला केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम अधिसूचित केले. त्यातल्या दोन तरतुदी आपल्या कामाच्या आहेत. एका आर्थिक वर्षात एका ग्राहकाला दोनपेक्षा जास्त तात्पुरती बिलं देऊ नयेत. दोन बिलचक्रांनंतरही अंदाजेच बिल येत राहिलं आणि त्याला आपत्तीसारखं अपवादात्मक कारण नसेल, तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. शिवाय सलग दोन वेळा मीटरपर्यंत पोचता आलं नाही, तर ग्राहक स्वतः मीटरचा तारखेसह फोटो पाठवू शकतो. कुलूपबंद घरांसाठी ही मोठी सोय आहे. महावितरणच्या मोबाइल अॅपवर रीडिंग स्वतः नोंदवता येतं. किल्ली असलेल्या शेजाऱ्याने महिन्यातून एकदा फोटो काढून पाठवला तरी काम होतं.

आपत्तीचा अपवाद आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मालवण परिसरात खांब आडवे झाले, तारा तुटल्या, कितीतरी गावं अनेक दिवस काळोखात राहिली. अशा महिन्यात अंदाज चालवून घ्यावा लागतो. पण सरासरीला काळोखातले दिवस दिसत नाहीत. म्हणून वादळानंतरच्या पहिल्या प्रत्यक्ष रीडिंगला जास्त महत्त्व आहे.

लाइन तोडण्याच्या भीतीवरही कायद्यात उत्तर आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरता येते. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. आधी स्थानिक कार्यालयात लेखी अर्ज, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल, असा हा रस्ता आहे. त्यासाठी वकील लागत नाही. अर्जाची पोच मात्र लागते.

आपण या रस्त्याने फारसे जात नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. बिल वाढलं की आपण ओळखीचा वायरमन शोधतो, वॉर्डातल्या पुढाऱ्याला फोन लावतो, ‘साहेब, जरा बघा’ म्हणतो. काम झालं तर उपकार होतात आणि नाही झालं तर ‘आपलं कोण ऐकतंय’ म्हणून गप्प बसतो. काही वेळा तर ‘आपल्या मोहल्ल्यात मुद्दाम येत नाहीत’ असा निष्कर्षही काढून मोकळे होतो. कुठे खरोखर भेदभाव होत असेल, तर तो सिद्ध करायलाही तारीखवार नोंदीच लागतील. ग्राहक क्रमांकाच्या बारा अंकांत कुणाची जात, धर्म, पक्ष लिहिलेला नसतो. नागरिक म्हणून बरोबरीने उभं राहायला याहून सोपी जागा क्वचितच मिळेल.

आपल्या धर्मशिकवणीतही मापाचा विषय किरकोळ नाही. कुराणातल्या ८३ व्या सूरेचं नावच ‘अल्-मुतफ्फिफीन’, म्हणजे मापात खोट करणारे. हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनच्या लोकांना माप पुरं भरण्याची ताकीद दिली होती. मराठीत आपण त्यालाच ‘मापात पाप’ म्हणतो. हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. कंपनीने मोजून द्यावं, तसं आपणही मोजून घ्यावं. तारेवर आकडा टाकणारा, मीटरमध्ये छेडछाड करणारा किंवा रीडिंग घेणाऱ्याला दारातून परत पाठवणारा माणूस अंदाजे बिलाविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलणार?

स्मार्ट मीटर आले की हे सगळं संपेल, असं काही जण म्हणतात. रीडिंग घ्यायला माणूस यायची गरज कमी होईल, हे खरं. पण नेटवर्क गेलं किंवा मीटर बिघडला की तिथेही रिकामी जागा राहणार आणि ती कशाने भरली हे विचारावंच लागणार. बिल वाचायची सवय नसेल तर मीटर कितीही हुशार असला तरी आपल्याला उपयोग नाही.

म्हणून प्रत्येक मोहल्ल्यातल्या दोघा-तिघा मुला-मुलींनी हे काम हाती घ्यावं. एक वही करा. कुलूपबंद घरांचे आणि एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांचे ग्राहक क्रमांक त्यांच्या संमतीने लिहून घ्या. महिन्यातून एकदा मीटरचा फोटो काढा, तारीख टाका, बिलावरच्या रीडिंगशी ताडून बघा. सलग दुसऱ्यांदा अंदाजे बिल आलं की त्याच आठवड्यात अर्ज द्या आणि पोच वहीत चिकटवा. शेजारच्या वाडीतल्या हिंदू, ख्रिस्ती घरांचीही हीच अडचण असेल, त्यांनाही वहीत घ्या. परदेशात बसून बिल भरणाऱ्या भावांनी पुढच्या वेळी पैसे पाठवण्याआधी घरी फोन करून एकच विचारावं: ‘अम्मी, मीटरवर आकडा किती आहे?’