मत द्यावें तरी कोणास?

निवडणूक जवळ आली कीं आमच्या अंधेरींत घरोघर एक वाक्य हमखास ऐकूं येतें : “सगळे एकाच माळेचे मणी, मत द्यावें तरी कोणास?” आणि असें म्हणून कित्येक सुशिक्षित गृहस्थ मतदानाच्या दिवशीं घरींच स्वस्थ बसतात. हें वर्तन योग्य कीं अयोग्य, याचा विचार उद्यां मतदार होणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांनीं आजच करावयास हवा.

सन २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिलेल्या निकालामुळें मतयंत्रावर उमेदवारांच्या नांवांखालीं ‘वरीलपैकीं कोणीही नाहीं’ असें एक बटण आलें. लोक त्यास ‘नोटा’ म्हणतात. तत्पूर्वीं ज्यास कोणासही मत द्यावयाचें नसे, त्यास मतदानकेंद्रांतील नोंदवहींत तशी नोंद करवून सही किंवा अंगठा द्यावा लागे. अर्थात् त्याची नापसंती गुप्त राहत नसे. आतां ती गुप्तही राहते व मोजलीही जाते.

या मोजणीचें महत्त्व आमच्याच उपनगरानें पाहिलें आहे. ३ नोव्हेंबर २०२२ रोजीं अंधेरी पूर्व मतदारसंघांत विधानसभेची पोटनिवडणूक झाली. प्रमुख प्रतिस्पर्ध्यानें अर्ज मागें घेतल्यामुळें निकाल आधींच ठरल्यासारखा होता. श्रीमती ऋतुजा लटके यांस ६६,५३० मतें मिळालीं व त्या निवडून आल्या. दुसऱ्या क्रमांकावर मात्र कोणी उमेदवार नसून ‘नोटा’ होता. त्यास १२,८०६ मतें पडलीं. त्या दिवशीं शंभरांपैकीं सुमारें अडुसष्ट मतदार केंद्राकडे फिरकलेच नाहींत. त्यांत रागावलेले किती, आळशी किती, कामांत गुंतलेले किती, हें कोण सांगणार? बारा हजारांचा नकार सरकारी दप्तरांत लिहिला गेला; घरीं बसलेल्यांचें मौन वाऱ्यावर गेलें.

तथापि ‘नोटा’ हें सर्व दुखण्यांवरील औषध नव्हे. विधानसभा व लोकसभा यांच्या निवडणुकींत नकाराचीं मतें सर्वांत अधिक झालीं, तरी उमेदवारांपैकीं ज्यास अधिक मतें तोच निवडून येतो. सन २०२४ मध्यें, अंधेरी ज्यांत मोडते त्या मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघांत, श्री. रवींद्र वायकर हे श्री. अमोल कीर्तिकर यांच्यावर अवघ्या ४८ मतांनीं विजयी झाले. तेथें ‘नोटा’स पंधरा हजारांवर मतें होतीं. अठ्ठेचाळीस मतदार तर आमच्या एका इमारतींतही सहज भरतील!

मंडईंत मनाजोगी भाजी नसली म्हणून कोणी उपाशी राहत नाहीं. त्यांतल्या त्यांत बरी जुडी पारखून घेतो. येथें तर आपण न निवडल्यास दुसऱ्यानें निवडलेली जुडी पांच वर्षें खावी लागते. मत देणें म्हणजे उमेदवाराच्या गळ्यांत माळ घालणें नव्हे. दोघांत तिळाएवढा फरक दिसला, तरी त्या फरकास मत द्यावें. शोधूनही फरक दिसला नाहीं, तर ‘नोटा’ दाबावा. परंतु घरीं बसूं नये.

मात्र ‘शोधूनही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्येक उमेदवारास आपलें शिक्षण, मालमत्ता व आपल्यावरील फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रांत लिहून द्यावे लागतात, आणि तीं प्रतिज्ञापत्रें कोणासही पाहतां येतात. विद्यार्थिबंधुभगिनींनो, अठरा वर्षें पूर्ण होईपर्यंत आपणांस मत नाहीं. पण वाचतां तर येतें! पुढील निवडणुकीच्या वेळीं तीं घरांतील वडील मंडळींस मोठ्यानें वाचून दाखवूं या. सगळे मणी खरोखर एकाच माळेचे आहेत काय, हें मग त्यांनींच ठरवावें.