पाकिटातला जपान, ताटातला जपान

शनिवारची रात्र. घरातली मुले जपानी ॲनिमे किंवा कोरियन मालिका लावून बसलेली असतात. पडद्यावर कुणीतरी वाफाळत्या वाडग्यातून नूडल्स ओढत असते आणि तसाच वाडगा मुलांच्या हातातही असतो. परदेशवारी प्रत्येकाच्या खिशाला परवडत नाही. तेव्हा चित्रपट, पुस्तके आणि खाद्यपदार्थ यांतून घरबसल्या दुसऱ्या देशाची ओळख करून घेण्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच, की त्या देशाचे नेमके काय आपल्या घरात येते? बहुतेक वेळा येते ते फक्त पाकीट.

जपानचेच उदाहरण घ्या. पाकिटातल्या झटपट नूडल्स मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये तिथे बाजारात आणल्या. शिजवलेल्या नूडल्स तेलात तळल्या की त्यांतले पाणी निघून जाते. त्या महिनोन्‌महिने टिकतात आणि गरम पाण्यात चार मिनिटांत तयार होतात. युद्धानंतरची टंचाई पाहिलेल्या देशाला ही मोठीच सोय होती. पण ती सोय होती, तिथल्या घरातले रोजचे जेवण नव्हे.

खरी मेख मसाल्याच्या पुडीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. मोठ्या आकाराच्या काही पाकिटांवर सोडियमचा आकडा १७०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम मीठ. सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, तर दिवसभराचे मीठ एका वाडग्यातच जवळपास संपते. आमटी, लोणचे, पापड, फरसाण वेगळेच. लहान मुलांची मर्यादा तर याहून कमी.

मग रोजचा जपान कुठे सापडतो? तो पुस्तकात सापडतो. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मराठी घरांत कित्येक वर्षे वाचले जात आहे. त्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी मुलांच्या डब्यात दोनच गोष्टी मागतात : थोडे समुद्रातले, थोडे डोंगरावरचे. मासा किंवा समुद्री शेवाळ असेल, तर जोडीला भाजी किंवा मांसाचा तुकडा. महागड्या पदार्थाचा आग्रह नाही, उष्मांकांचा हिशेब नाही. समतोल आहाराची इतकी सोपी व्याख्या वैद्यकाच्या पुस्तकांतही क्वचितच मिळेल. कोकणातल्या भात, बांगडा आणि अळूच्या ताटाला ती जशीच्या तशी लागू पडते. देशावर समुद्राच्या जागी मटकीची उसळ किंवा अंडे चालेल.

अर्थात, जपानी म्हणजे आरोग्यदायीच, असे मानणे हीसुद्धा अर्धीच ओळख. १९५१ पासून १९८० पर्यंत पक्षाघात हे जपानमधले मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. उत्तरेकडच्या अकिता भागात हिवाळा लांब. भाज्या आणि मासे मिठात मुरवून ठेवावे लागत, जोडीला मिसो आणि सोया सॉस. १९५० च्या दशकात तिथला माणूस दिवसाला २० ग्रॅमहून अधिक मीठ खात होता. पुढे गावोगावी रक्तदाब तपासला गेला, औषधे सुरू झाली, मीठ कमी करण्याच्या मोहिमा निघाल्या, घरोघरी फ्रीज आले. पक्षाघाताचे मृत्यू झपाट्याने उतरले. आजही तिथले मिठाचे सरासरी प्रमाण सुमारे १० ग्रॅम आहे, म्हणजे काम संपलेले नाही. पण आपल्याच परंपरेतला दोष ओळखून तो दुरुस्त करता येतो, हे त्या देशाने दाखवले. लोणचे-पापडाविना ताट सुने मानणाऱ्यांनी जपानकडून घ्यायचे ते हे.

चित्रपटही असेच काही शिकवून जातो. अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’ १९५२ चा. त्यातल्या वातानाबे या सरकारी अधिकाऱ्याला पोटाचा कर्करोग झालेला असतो. खारवलेल्या अन्नाशी आणि जठरातल्या जिवाणूशी संबंध असलेला हा आजार जपानमध्ये फार होता. डॉक्टर मात्र त्याला ‘साधा अल्सर’ म्हणून सांगतात. खरे काय ते त्याचे तोच ओळखतो आणि उरलेले दिवस वस्तीतल्या मुलांसाठी बाग उभारण्यात घालवतो. ‘बाबांना काही सांगू नका’ असे डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवणारे नातेवाईक इथल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आजही भेटतात. त्यांनी हा चित्रपट घरी सगळ्यांसोबत जरूर पाहावा. सत्य कळल्यावर माणूस खचतोच असे नाही, हे त्यांना दिसेल.

नूडल्सवर बंदी घालण्याचे कारण नाही. महिन्यातून एखादे पाकीट निरोगी माणसाला बाधत नाही. मसाल्याची पुडी अर्धीच घालावी, सूप वाडग्यातच सोडावे, भाज्या आणि अंडे घालावे. घरी जपानी पदार्थ करताना सोया सॉस चमच्याने मोजावा, कारण मोठ्या चमचाभर सॉसमध्ये दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते. त्यावर वरून मीठ नको. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी मात्र पाकीट टाळावे हेच बरे.

आणि पुढच्या शनिवारी मुलांसमोर वाडगा ठेवण्याआधी एवढेच विचारावे : यात समुद्रातले काय आहे, डोंगरावरचे काय आहे? उत्तर शोधायला मुले स्वयंपाकघरात आली, की जपान खऱ्या अर्थाने घरी आला म्हणायचे.